उंच हँडल (मोटारसायकल)

मोटारसायकलचे मूळ हँडल काढून जास्त उंचीचे बसवणे, किंवा मूळ हँडलाखालीच रायझर (धातूचे ठोकळे) देऊन ते वर उचलणे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या चॉपर गाड्यांनी (मालकांनी हौसेने फेरफार केलेल्या मोटारसायकली) ही पद्धत रूढ केली. भारतात २००५ साली आलेल्या बजाज अ‍ॅव्हेंजरमुळे असे हँडल अनेकांच्या ओळखीचे झाले. कोल्हापूरकराला त्याची गरज जाणवते ती घाटात. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना अंगाचा भार पुढे सरकून मनगटांवर येतो. उंच किंवा कंबर धरलेल्या माणसाला तो लवकरच सोसेनासा होतो.

निवडताना लोक उंचीच पाहतात आणि तिथेच चुकतात. दुखणे पुष्कळदा उंचीचे नसून अंतराचे असते. खांदे पुढे ओढले जात असतील तर हँडल वर जाण्यापेक्षा मागे यायला हवे. गाडी मेन स्टँडवर लावून डोळे मिटून बसावे आणि हात सहज पुढे करावेत. ते जिथे थांबतात तिथे मूठ हवी. कोपर किंचित वाकलेले, मूठ खांद्याच्या खाली. त्याहून वर गेल्यास हात बधिर होतात, आणि पुणे-बेंगळुरू महामार्गावर छातीवर वारा घेत हँडलाला लोंबकळत जावे लागते. तिरक्या स्टीअरिंगच्या रेषेत बसणारा रायझर हँडल थोडे मागेही आणतो: कोन उभ्या रेषेपासून २६ अंशांचा असेल, तर ३० मिमीच्या रायझरने ते सुमारे १३ मिमी मागे येते. अनेकांना एवढेच पुरते. बहुतेक भारतीय गाड्यांवर हँडलाची नळी २२ मिमी व्यासाची असते, मध्ये २८.६ मिमी जाडीचे हँडल घेतल्यास ते धरून ठेवणारे क्लॅम्पही बदलावे लागतात.

रायझर शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून घेता येतात, कारण कातकाम हा त्या भागाचा हातखंडाच आहे. बोल्ट मात्र तितकेच लांब आणि चांगल्या प्रतीचे हवेत. मूळ हँडलाला नळीचा तुकडा वेल्ड करून उंची वाढवणे धोक्याचे आहे. जोड तुटला तर गाडी हातात राहत नाही.

खरे काम हँडलाचे नसून त्याला जोडलेल्या गोष्टींचे असते: क्लचची वायर, रेसची वायर, ब्रेकचा होज, स्विचचे वायरिंग. थोडी उंची त्यांचा मार्ग बदलून भागते, जास्त असेल तर लांब वायर लागतात. होज बदलल्यास बँजो बोल्टचे (होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवे घालावेत आणि ब्रेकमधली हवा पूर्ण काढावी. ब्रेक ऑइलची डबी पुन्हा सपाट करावी. स्विचच्या आतली खुंटी कापून टाकण्याऐवजी हँडलाला तिच्या मापाचे भोक पाडावे, नाहीतर स्विच हातात फिरतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार करता येत नाही. म्हणून मोठ्या बदलाआधी आरटीओत विचारून घ्यावे.

काम झाल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. रेस आपोआप वाढली, तर वायर कुठेतरी ताणली जाते आहे आणि गाडी रस्त्यावर काढू नये. हँडल टाकीला किंवा बोटे टाकीवर टेकता कामा नयेत. मग पन्हाळ्यापर्यंत जाऊन यावे आणि गाडी थंड झाली की क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा तपासावेत.