सीडीएच१: एका माओरी घराण्यामुळे सापडलेलं जनुक

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर टॉरंगा परिसरात एक मोठं माओरी घराणं आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या घराण्यातली तरणीताठी माणसं पोटाच्या कॅन्सरने जात होती. तीसेक वर्षांत २५हून अधिक मृत्यू झाले आणि त्यातलं सर्वांत लहान मूल १४ वर्षांचं होतं. एरवी हा आजार साठी-सत्तरीत गाठणारा. घराण्यातल्या काहींना हा शापच वाटे. तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात १९६४ साली या घराण्यावर लेख छापून आला होता, पण कारण शोधण्याची साधनंच तेव्हा कुणाकडे नव्हती.

१९९०च्या दशकात घराण्याने स्वतः पुढाकार घेतला आणि डनिडनच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांना गाठलं. माओरी समाजात वंशावळ जपणं ही फार मोलाची गोष्ट. कोण कुणाचं, कोण कधी आणि कशाने गेलं, हे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवलेलं असतं. जनुकशास्त्राला नेमकं हेच हवं होतं. आजारी आणि निरोगी नातलगांचे रक्ताचे नमुने घ्यायचे, गुणसूत्रांवरच्या ठरावीक खुणा ताडून पाहायच्या आणि आजाऱ्यांमध्येच सातत्याने आढळणारा तुकडा कोणता ते हुडकायचं, अशी ही पद्धत. वंशवृक्षात चूक असेल तर सगळं गणित कोसळतं. इथे वंशवृक्ष पक्का होता.

शोध १६व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर येऊन थांबला. तिथे ई-कॅडहेरिन या प्रथिनाचं जनुक असतं, त्याचंच नाव सीडीएच१. जनुकाच्या सातव्या खंडाच्या शेवटी, जिथे संदेशाची कापणी-जोडणी होते त्या जागी, डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘जी’ऐवजी ‘टी’ आलं होतं. एवढ्या एका बदलामुळे प्रथिन अर्धवटच तयार होत होतं. ओटागोचे पॅरी गिलफोर्ड आणि सहकाऱ्यांचा हा निबंध मार्च १९९८मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि लेखकांच्या यादीत घराण्यातल्या व्यक्तींचीही नावं होती. जनुकांच्या शोधाचं श्रेय बहुतेक वेळा प्रयोगशाळेपुरतंच राहतं. इथे ज्यांची माणसं गेली त्यांना सहसंशोधकांचा मान मिळाला, आणि मला तो या इतिहासातला फार महत्त्वाचा भाग वाटतो.

हे प्रथिन तेव्हा अनोळखी नव्हतं. जपानमध्ये मासातोशी ताकेइची यांनी कॅडहेरिन प्रथिनांवर मूलभूत काम केलं होतं. शेजारच्या पेशींना कॅल्शियमच्या मदतीने एकमेकींशी धरून ठेवणं हे या प्रथिनांचं काम. १९९४ साली जर्मन संशोधकांना जठराच्या ‘डिफ्यूज’ कॅन्सरच्या गाठींमध्ये ई-कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड आढळले होते. पण ते बिघाड गाठीपुरते होते. तोच दोष आईवडिलांकडून जन्मतः येऊ शकतो, हे १९९८मध्ये प्रथम सिद्ध झालं. त्यानंतर युरोपातही अशी घराणी सापडली.

‘डिफ्यूज’ म्हणजे काय, यासाठी थोडं मागे जावं लागतं. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिंटन यांनी १८५९ साली एका विचित्र विकाराचं वर्णन केलं होतं: जठरात ठळक गाठ नाही, पण अख्खी भिंत जाड, ताठ, चामड्याच्या पखालीसारखी झालेली. १९६५मध्ये फिनलंडच्या पेक्का लॉरेन यांनी जठराच्या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार पाडले. पहिल्यात पेशी आतड्यातल्यासारख्या नळ्या रचतात. दुसऱ्यात, म्हणजे डिफ्यूजमध्ये, पेशी एकट्यादुकट्या सुट्या होऊन भिंतीत पसरत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली अशा अनेक पेशींच्या पोटात चिकट द्रव साठलेला दिसतो आणि केंद्रक कडेला ढकललं गेलेलं असतं. यांना सिग्नेट रिंग पेशी म्हणतात. पहिल्या प्रकारात बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूची जुनी लागण, मग अस्तर झिजणं, मग पेशींचं रूप पालटणं असे टप्पे असतात आणि ते गाठायला वर्षं मिळतात. डिफ्यूज प्रकारात असे टप्पे सहसा दिसत नाहीत. पेशींना धरून ठेवणारं प्रथिनच नसेल तर त्या अशा का विखुरतात, याचं उत्तर १९९८च्या शोधाने दिलं.

जन्मतः जनुकाची एकच प्रत सदोष असते. दुसरी प्रत पुढे आयुष्यात केव्हातरी बंद पडली की त्या पेशीपासून कॅन्सर सुरू होतो. सदोष प्रत पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता प्रत्येक अपत्यामागे निम्मी.

हा दोष कुणात आहे ते सांगणारी जनुकीय चाचणी हाती आली आणि मोठा पेच उभा राहिला. सुरुवातीचे कॅन्सरचे ठिपके अस्तराच्या वरच्या थराखाली दडलेले असतात आणि वरून सगळं छान दिसतं, त्यामुळे दुर्बिणीच्या तपासणीत ते सहज निसटतात. २००१ साली डेव्हिड हंट्समन आणि सहकाऱ्यांनी सीडीएच१मध्ये दोष असलेल्या पाच तरुणांची माहिती प्रसिद्ध केली. त्रास कुणालाच नव्हता. तरी प्रतिबंध म्हणून काढलेल्या पाचही जठरांत कॅन्सरचे सूक्ष्म ठिपके निघाले. पुढे न्यूझीलंडमध्ये अशी जठरं संपूर्ण कापून तपासली, तेव्हा काहींत ठिपक्यांची संख्या शेकड्यांत गेली. म्हणून सल्ला ठरला: अख्खं जठर काढा.

धडधाकट विशीतल्या माणसाला हे सांगणं सोपं नाही. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली जाते. आयुष्यभर थोडंथोडं, पुन्हापुन्हा खायचं, बी१२ची इंजेक्शनं घ्यायची, वजन घटतं ते सोसायचं. आणि धोक्याचे आकडे बदलत गेले. २०१५च्या मोठ्या अभ्यासात ८० वर्षांपर्यंत जठराचा कॅन्सर होण्याचा धोका पुरुषांत ७० टक्के आणि स्त्रियांत ५६ टक्के मांडला गेला. २०१९च्या अभ्यासात तो ४२ आणि ३३ टक्क्यांवर आला. कारण सरळ आहे. आधी फक्त कॅन्सरने पोखरलेली घराणीच तपासली जात होती. नंतर इतर कारणांनी चाचणी केलेली माणसंही त्यात आली. सापडलेला प्रत्येक सूक्ष्म ठिपका पुढे वाढतोच असंही नाही. त्यामुळे आज शस्त्रक्रिया लांबवणाऱ्यांसाठी अनुभवी केंद्रात दरवर्षी दुर्बिणीची तपासणी आणि दर वेळी जवळपास ३० बायोप्सी (अस्तराचे बारीक तुकडे काढून तपासणं), असा पर्याय दिला जातो. स्त्रियांना स्तनाच्या लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींत सुरू होणाऱ्या) कॅन्सरचाही धोका असतो, तोही लक्षात ठेवावा लागतो. तो आपल्याकडच्या बोलण्यात हटकून राहून जातो.

आनुवंशिक डिफ्यूज कॅन्सर मात्र जठराच्या एकूण कॅन्सरमध्ये फार तर १ ते ३ टक्के. उरलेल्या रुग्णांत काय घडतं, याचा उलगडा २०१४मध्ये होऊ लागला. जपान, हाँगकाँग आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या अभ्यासांत डिफ्यूज गाठींमध्ये ‘रोए’ (आर-एच-ओ-ए) या जनुकात पुन्हापुन्हा तेच बिघाड पाहिले. पेशीचा आतला सांगाडा आणि हालचाल सांभाळणारं हे जनुक. अमेरिकेच्या ‘कॅन्सर जिनोम ॲटलास’ प्रकल्पाने २९५ गाठी तपासून जनुकीय बदलांवरून जठराच्या कॅन्सरचे चार रेणवीय गट पाडले, आणि डिफ्यूज गाठी मुख्यतः त्यातल्या एकाच गटात जमल्या. २०२०मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं की ई-कॅडहेरिन नाहीसं होणं आणि रोएमधला तो बदल एकत्र आले की डिफ्यूज कॅन्सर उभा राहतो.

उपचारात उपयोग झाला तो क्लॉडिन १८.२ या दुसऱ्या एका प्रथिनाचा. तेही पेशींच्या जोडांवरचंच. झोल्बेटुक्सिमॅब हे त्यावर नेम धरणारं औषध २०२४मध्ये जपानमध्ये आणि मग अमेरिकेत मंजूर झालं. पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत केमोथेरपीसोबत ते दिल्यावर जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो) साडेपंधरा महिन्यांवरून अठरा महिन्यांवर गेला. ई-कॅडहेरिनवर असं औषध निघू शकत नाही, कारण तिथे अडवण्यासारखं काहीच नसतं. प्रथिनच हरवलेलं असतं. म्हणून ओटागोतले संशोधक आता उलट्या बाजूने शोध घेत आहेत: हे प्रथिन नसलेल्या पेशी कोणत्या औषधाला निरोगी पेशींपेक्षा लवकर बळी पडतात? असं औषध हाती आलं, तर दोष घेऊन जन्मलेल्यांना जठर काढून घेण्याची वेळ येणार नाही.