‘चढलास त्याच गियरमध्ये उतर’: गियर आणि इंजिनाच्या वेगाची पार्श्वभूमी

मी गाडी शिकलो ती मामाच्या फियाटवर. खोपोली सोडून बोरघाटाला लागलं की शिंगरोबाच्या देवळापाशी मामा खिडकीतून नाणं टाकायचा आणि मग घाट संपेपर्यंत एकच पालुपद चालू असायचं: “आवाज ऐक. गाडी सांगते.” इंजिन घुसमटायला लागलं, स्टीयरिंगखालचा गियरचा दांडा हातात थरथरायला लागला, की खालचा गियर टाकायचा. परतीच्या वाटेवर दुसरा नियम: “चढलास त्याच गियरमध्ये उतर.” आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा बघून गियर बदलण्याचा प्रश्नच नव्हता. त्या गाडीत असा काटा नव्हताच.

आज नवशिके विचारतात, किती आरपीएमला गियर बदलायचा? कुणी दीड हजार सांगतं, कुणी अडीच. कुणी म्हणतं लवकर वरचा टाक, पेट्रोल वाचेल. दुसरा म्हणतो इंजिन ओढू दे, नाहीतर मरेल. सांगणारे सगळे अनुभवी असतात आणि तरीही उत्तरं जुळत नाहीत, कारण प्रत्येकाचा अनुभव वेगळ्या पिढीच्या यंत्रावरचा असतो.

मुळात गियर लागतो कशाला? वाफेचं इंजिन किंवा विजेची मोटर उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोल-डिझेल इंजिनाला ते जमत नाही. ते आधी फिरत असावं लागतं, ठरावीक वेगाखाली गेलं की बंद पडतं, आणि खरी ओढ देतं ती फेऱ्यांच्या एका पट्ट्यातच. चाकांना मात्र शून्यापासून सुरुवात करायची असते. म्हणून मध्ये इंजिन चाकांपासून सोडवणारा-जोडणारा क्लच आणि गियर.

याचा पहिला धडा चढानेच शिकवला. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. चढावर गाडीचा दम संपायचा आणि मुलांना उतरून ढकलावी लागायची. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. परतल्यावर त्यांनी कार्ल बेंझना सुचवलं की चढासाठी आणखी एक गियर हवा. मला या प्रवासातलं ते चामडं जास्त बोलकं वाटतं. चढ आणि उतार हे दोन्ही प्रश्न पहिल्याच लांबच्या प्रवासात समोर आले होते.

1891 मध्ये फ्रान्सच्या पानार-लव्हासोर कंपनीने पुढे इंजिन, मग क्लच, मग सरकत्या दात्यांचा गियरबॉक्स अशी मांडणी केली. आपल्या मॅन्युअल गाडीचा वंश तिथून सुरू होतो. पण फिरत्या दोन चक्रांचे दाते एकमेकांत घुसवायचे तर दोन्हींचा वेग जुळायला हवा. नाही जुळला तर कर्रकन आवाज. यावर ड्रायव्हरांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘डबल क्लच’. खालचा गियर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल (कुठलाच गियर नाही असं) करा, क्लच सोडा, अॅक्सिलरेटरला हलकी थाप देऊन इंजिनाचे फेरे वाढवा, पुन्हा क्लच दाबा आणि मग गियर टाका. हे सगळं एका दमात, चढावर, मागे माणसं बसलेली असताना. ट्रक आणि एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांच्या पायात ही लय इतकी मुरली होती की ते पुढे साध्या गाडीतही तसाच गियर टाकायचे. इंजिनाचा वेग कानाने मोजणारी माणसं होती ती. त्या कसबाला कुणी कसब म्हटलं नाही, याची मला खंत वाटते.

1928 मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. गियर गुंतण्याआधी शंकूच्या आकाराच्या घर्षणाने दोन्ही वेग जुळवून घेणारी ही युक्ती. पण बऱ्याच गाड्यांत ती बरीच वर्षं वरच्या गियरांपुरतीच राहिली. आपल्या अॅम्बॅसेडर आणि फियाट 1100 मध्ये पहिल्या गियरला सिंक्रोमेश नव्हता. ‘गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही’ हा घरोघरी ऐकलेला नियम तिथला आहे.

दुसरी एक सवय त्याच गाड्यांनी लावली, ती म्हणजे टॉपमध्ये, सर्वात वरच्या गियरमध्ये, ओढण्याची. अॅम्बॅसेडरच्या 1489 सीसी इंजिनात सिलिंडरचा व्यास सुमारे 73 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 89. अशा लांब धावेच्या इंजिनाला कमी फेऱ्यांवर ओढ असते. गावातून तिशीने जाताना टॉप न सोडणारा ड्रायव्हर हुशार गणला जायचा. मग डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. तीन सिलिंडर, 796 सीसी, व्यास 68.5 आणि धाव 72, म्हणजे दोन्ही जवळपास सारखे. हे इंजिन फिरवलं तरच पळणारं. जुन्या हाताने ती टॉपमध्ये ओढायला गेलं की धक्के खायची, चढावर ठोके ऐकू यायचे. ‘हिच्यात दम नाही’ असं म्हणणारे बरेच जण खरं तर तिला चुकीच्या गियरमध्ये चालवत होते.

याच सुमाराला तेलटंचाईची पार्श्वभूमीही होती. 1973 च्या संकटानंतर देशात इंधन वाचवण्याची मोहीम उभी राहिली, 1978 मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था स्थापन झाली, आणि ताशी 45 ते 55 किलोमीटरने चालवा, योग्य गियर वापरा हा सल्ला सर्वत्र पोचला. सल्ला बरोबरच होता. लोकांनी मात्र त्यातून ‘वरचा गियर म्हणजे बचत’ एवढंच उचललं आणि त्याला ‘उतारावर न्यूट्रल’ हे शेपूट जोडलं.

हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या काळात न्यूट्रलने थोडीफार बचत होत असेही. 2000 च्या आसपास प्रदूषणाचे निकष कडक झाले, कार्ब्युरेटर गेला, संगणकाने इंधन मोजून फवारणारं इंजेक्शन आलं. आता उतारावर गाडी गियरमध्ये असताना पाय उचलला की संगणक इंधन पूर्ण तोडतो; चाकंच इंजिनाला फिरवतात आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रल केलं तर उलट इंजिन चालू ठेवायला इंधन जाळावं लागतं.

टर्बोने, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याने, चालणाऱ्या डिझेलने कान पुन्हा फसवले. आपल्याकडे स्विफ्टसह कितीतरी गाड्यांत बसलेलं फियाटचं 1.3 मल्टिजेट घ्या. त्याची ओढ 2000 आरपीएमजवळ जागी होते. त्याखाली घाटात वळण घेतलं की क्षणभर गाडी हातातून गेल्यासारखी वाटते. तिथे दुसरा टाकायला लाजू नये. आता काट्याशेजारी वरचा गियर टाका म्हणणारा बाणही असतो. युरोपने 2012 पासून नव्या मॉडेलांना तो सक्तीचा केला, तो इंधन आणि धूर कमी करण्यासाठी. सपाट रस्त्यावर त्याचं जरूर ऐकावं. चढावर आपणच ठरवावं.

हे सगळं मांडायचं कारण पुण्याजवळचा कात्रज नवीन बोगदा ते नवले पूल हा उतार. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने वीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. त्यानंतर जी चर्चा झाली तिच्यात डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतार उतरण्याची सवय हा मुद्दा ठळकपणे पुढे आला. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापतात आणि पकड सोडतात. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो. आणि बचत? जुन्या डिझेल पंपाचा गव्हर्नर (इंधन किती सोडायचं ते ठरवणारा भाग) सुद्धा गाडी गियरमध्ये असताना पाय उचलला की उतारावर डिझेल तोडत असे.

मी त्या बोगद्यातून बाहेर पडलो की तिसरा टाकतो, काच खाली करतो आणि मागून येणाऱ्या ट्रकच्या इंजिनाचा आवाज येतोय का ते ऐकतो. येत नसेल तर डावीकडे होतो आणि त्याला पुढे जाऊ देतो.