इंजिनचं काम झालं, पण गाडी सकाळी थंडीत मिसिंग मारते : टर्बो बसवलेल्या जुन्या ट्रकच्या मालकांसाठी माहितीपत्रक

दिवाळी सरली की आमच्याकडे एकाच तक्रारीच्या गाड्या यायला लागतात. मालक सांगतात, "उन्हाळ्यात इंजिन बांधलं, टर्बो बसवला, तेव्हा गाडी एक नंबर पळत होती. आता पहाटे दहा वेळा सेल्फ मारावा लागतो. लागली तर पांढरा धूर सोडते, सगळी केबिन थरथरते, आणि पंधरा मिनिटांनी आपोआप सरळ होते."

निफाडच्या पट्ट्यात थंडीत पारा ५-६ अंशांवर येणं नवीन नाही. पहाटे लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजारासाठी माल भरून निघायचं आणि गाडी अंगणातच अडकायची, यात काय जातं ते आम्ही रोज पाहतो. म्हणून हे पत्रक. यातलं बरंचसं तुम्हाला स्वतः पाहता येईल आणि विनाकारण होणारा खर्च वाचेल.

हे सगळं मेकॅनिकल पंपाच्या जुन्या इंजिनांबद्दल आहे. आमच्याकडे जास्त येतं ते टाटाचं ६९७ : सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), १२८ मिमी स्ट्रोक (पिस्टनचा खालून वरपर्यंतचा प्रवास), ५६७५ सीसी. कॉमन रेलच्या (संगणकानं चालणाऱ्या, फार जास्त दाबाच्या डिझेल लाइनच्या) गाडीला यातलं काहीही लावू नका. तिथे पाइपचा नट सैल करणं जिवावर बेतू शकतं.

थंडीतच का?

डिझेलला ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. त्यामुळे सकाळच्या पहिल्या सेल्फला हवा किती तापते, यावर सगळं ठरतं.

मूळ बिनटर्बो इंजिनचं कॉम्प्रेशन १७ ला १ (म्हणजे हवा सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते) धरा आणि बाहेर ३० अंश तापमान धरा. कागदावरच्या हिशेबानं दाबलेली हवा ५४० अंशांच्या आसपास जाते. आता टर्बोचे खोल वाटीचे (माथ्यावर खोल खळगा असलेले) पिस्टन टाकले, कॉम्प्रेशन १५.५ वर आलं आणि बाहेर ६ अंश आहेत. तीच हवा ४५५ अंशांपर्यंतच पोचते. थंड लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), नव्या रिंगांमधून (पिस्टनभोवतीच्या कड्यांमधून) निसटणारी हवा आणि सुस्त सेल्फ हे सगळं धरलं तर प्रत्यक्षात त्याहूनही बरीच कमी. डिझेल पेटतं, पण उशिरा आणि सगळ्या सिलिंडरांत सारखं नाही. न जळलेलं डिझेल वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. तोच तो डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर.

टर्बो, म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा, इथे मदतीला येत नाही. सेल्फवर आणि आयडलला तो जवळजवळ काहीच दाब देत नाही. म्हणजे चढावर लागणारी ताकद वाढवताना आपण पहाटेची ताकद थोडी कमी केलेली असते. ही तडजोड प्रत्येक टर्बो कामात असते आणि ती काम करण्याआधीच मालकाला सांगायला हवी, असं आमचं मत आहे. तडजोड नीट जुळवली तर ६ अंशांतही गाडी दोन-तीन सेल्फात लागते. मिनिट-दोन मिनिटं विरळ धूर आला तर काळजी करू नका. पाच मिनिटांनंतरही दाट धूर आणि मिसिंग (एखाद-दुसरा सिलिंडर न पेटणं) असेल तर मात्र कुठेतरी जुळणी चुकली आहे.

गॅस्केटचा अर्धा मिलिमीटर

६९७ चा स्ट्रोक १२८ मिमी. कॉम्प्रेशन १७ असेल तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा ८ मिमी उंचीच्या थराएवढी असते, कारण १२८ भागिले १६ म्हणजे ८. आता हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली पट्टी) फक्त अर्धा मिमी जाड पडलं, किंवा पिस्टन अर्धा मिमी खाली राहिला, तर ती जागा साडेआठ होते आणि कॉम्प्रेशन १७ वरून १६ वर येतं. अर्ध्या मिलिमीटरनं एक अख्खा आकडा खाल्ला. टर्बोच्या पिस्टननं आधीच कमी झालेल्या कॉम्प्रेशनमधून हा आणखी एक आकडा गेला की थंडीत गाडी अडणारच.

म्हणून गॅस्केट नुसतं "त्याच गाडीचं" असून चालत नाही. पिस्टन ब्लॉकच्या पातळीच्या किती वर किंवा खाली येतो, ते डायल गेजनं सहाही सिलिंडरांवर मोजायचं आणि त्यानुसार जाडी निवडायची. तुमच्या मिस्त्रींनी हे आकडे लिहून ठेवले आहेत का, ते विचारा. लिहिलेले असतील तर आमचा अर्धा दिवस वाचतो. नसतील तर हेड उघडायच्या आधी आम्ही कॉम्प्रेशन गेज लावतो. एकाच सिलिंडरचा आकडा पडलेला असेल तर दोष त्या सिलिंडरचा. सहाही सारखेच कमी असतील तर पिस्टन-गॅस्केटच्या निवडीचा.

इंजिन नुकतंच बांधलेलं असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. रिंगा बसायला वेळ लागतो. पहिल्या दीड-दोन हजार किलोमीटरमध्ये कॉम्प्रेशन थोडं कमीच असतं. या काळात गाडी तासन् तास आयडलला उभी ठेवू नका. त्यानं रिंगा बसत नाहीत, उलट लायनरला काच चढल्यासारखा गुळगुळीत थर येतो. मध्यम लोडवर चालवा.

टायमिंग

टर्बो बसवला की भरलेल्या इंजिनात दाब वाढतो, म्हणून पंपाचं टायमिंग (डिझेलचा फवारा सुटण्याची वेळ) थोडं मागे घेतात, म्हणजे उशिरा करतात. ते बरोबरच आहे. चूक होते ती मोजताना. पंप क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगानं फिरतो. त्यामुळे पंपाकडे १ अंश हलवला की क्रँकवर २ अंश हलतात. "दोनच अंश मागे घेतलं" म्हणणाऱ्यानं कधीकधी प्रत्यक्षात चार घेतलेले असतात.

गरम इंजिनाला ते खपतं. थंड इंजिनात डिझेल पेटायलाच उशीर लागतो, त्यात फवारा उशिरा सुटला तर पेट घेईपर्यंत पिस्टन खाली निघालेला असतो आणि हवा परत थंडावलेली असते. परिणाम पांढरा धूर. उलट कोणी टायमिंग फार पुढे घेतलं तर डिझेल पुरेशा न तापलेल्या हवेत पडतं. तेव्हाही सकाळी गाडी अडते, आणि लागल्यावर हातोडा मारल्यासारखी टकटक ऐकू येते. धूर तोच, पण आवाज वेगळा. म्हणून आम्ही तुम्हाला नेहमी आवाज कसा येतो ते विचारतो.

टायमिंग कानानं लावू देऊ नका. पहिल्या सिलिंडरची डिझेलची धार नेमकी कोणत्या अंशाला तुटते, ते फ्लायव्हीलवर पाहूनच ते लावलं जातं.

नोझल आणि त्याखालचं वॉशर

ज्याला जुने मिस्त्री अजून मायको म्हणतात, त्या बॉशचा नोझलचा (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीचा) कारखाना आपल्या नाशिकमध्येच आहे. चांगला माल या भागात हाताशी आहे. तरीही आमच्या टेस्टिंग बेंचवर एकाच इंजिनातून दोन नंबरांचे नोझल निघतात. टर्बो पिस्टनची वाटी वेगळ्या आकाराची असते. फवाऱ्याची छिद्रं आणि कोन त्या वाटीला जुळले नाहीत तर डिझेल वाटीच्या कडेवर आपटतं. थंड धातूवर पडलेलं डिझेल पेटत नाही, ओघळतं. पिस्टन, नोझल आणि पंपाचं कॅलिब्रेशन (पंप किती डिझेल सोडतो त्याची जुळणी) हा एकच संच आहे. त्यातलं एक बदललं तर बाकीची दोन तपासलीच पाहिजेत.

बेंचवर आम्ही तीन गोष्टी पाहतो : नोझल किती दाबाला उघडतो (या जुन्या इंजिनांत साधारण २०० ते २५० बारच्या दरम्यान, इंजिनाप्रमाणे), सगळ्यांचा दाब सारखा आहे का, आणि बंद झाल्यावर टोकावर थेंब धरतो का. थेंब गाळणारा एक नोझलसुद्धा सकाळी सहापैकी एक सिलिंडर बंद पाडायला पुरतो.

मागच्या हिवाळ्यातली एक गाडी सांगतो. तिचा पंप तीन ठिकाणी तीन वेळा सोडवला गेला होता. प्रत्येक वेळी डिझेल वाढवलेलं, म्हणून दिवसा काळा धूर आणि सकाळी पांढरा. मालक कंटाळून इंजिनच विकायला निघाले होते. आम्ही नोझल काढले तर चौथ्या आणि सहाव्या सिलिंडरमध्ये जुनं तांब्याचं वॉशर खाली चिकटून राहिलेलं, त्यावर नवं घातलेलं. दोन वॉशरांमुळे नोझलचं टोक वर उचललं गेलं होतं आणि फवारा चुकीच्या जागी पडत होता. वॉशर काढलं, पंप पुन्हा मापात आणला. मिसिंग गेलं, पण धूर थोडा राहिला. त्याचं कारण पुढे आहे.

थर्मोस्टॅट परत बसवा

त्या गाडीत थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) नव्हता. कोणीतरी कधीकाळी इंजिन गरम होतं म्हणून काढून फेकला होता. ही सवय आपल्याकडे इतकी रुळली आहे की इंजिन बांधताना थर्मोस्टॅट परत बसवायचा असतो, हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. थंडीच्या सकाळी, रिकाम्या गाडीला तर दहा-बारा किलोमीटर गेलं तरी काटा हलत नाही. थंड इंजिनात डिझेल अर्धवट जळतं, ते लायनरवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि ज्या टर्बोवर तुम्ही एवढे पैसे घातले त्याच्याच बेअरिंगला ते सोसावं लागतं.

इंजिन गरम होत असेल तर रेडिएटर, पंखा, वॉटर पंप किंवा हेड तपासायचं. थर्मोस्टॅट काढणं हा त्यावरचा इलाज नाही. आमच्याकडून बांधून गेलेलं एकही इंजिन थर्मोस्टॅटशिवाय बाहेर पडत नाही. मालकानं सांगितलं तरी आम्ही ते काम घेत नाही.

घरी काय पाहाल

गाडी लागते, पाच-सात सेकंद चालते आणि बंद पडते, मग हँड पंप मारला की नीट चालते. असं असेल तर बहुधा एअर आहे. रात्री डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि लाइनमध्ये हवा शिरते. फिल्टरचे आणि फीड पंपाचे वॉशर जुनेच लावले असतील तर आधी ते बदला.

सेल्फ नेहमीपेक्षा सुस्त असेल तर बॅटरी, अर्थची पट्टी आणि ऑइलचा ग्रेड पाहा. थंडीत घट्ट ऑइल सेल्फचा वेग खातं. आमच्या अनुभवात या इंजिनांना १५ डब्ल्यू ४० नीट चालतं.

धुराचा वास घ्या. डिझेलचा झोंबरा वास असेल तर वर सांगितलेलीच कारणं. गोडसर वास आणि रेडिएटरमध्ये रोज पाणी कमी होत असेल तर गॅस्केट किंवा हेडमधून पाणी आत जातंय. तेव्हा गाडी चालवू नका, लगेच आणा. निळसर धूर म्हणजे ऑइल. टर्बोच्या सीलपासून रिंगांपर्यंत कुठूनही असू शकतं.

त्रास गरम झाल्यावर वाढत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) घट्ट आहे का ते आधी पाहा. थंडीतच असेल आणि गरम झाल्यावर जात असेल तर टॅपेटवर संशय कमी घ्या.

कोणता सिलिंडर सुस्त आहे ते शोधायला फिटर आयडलला एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करतात. ज्याचा नट सैल करून आवाजात फरक पडत नाही, तो दोषी. हे फिटरनंच करावं. नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट कधीही नेऊ नका. तो दाब कातडी भेदून डिझेल आत घालतो. बाहेरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, पण आतून हात सडू शकतो. असं झालं तर वेदना असो वा नसो, तडक हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना डिझेल आत गेल्याचं स्पष्ट सांगा.

आणि ड्रायव्हरदादांना हात जोडून विनंती : एअर क्लिनरपाशी पेटता बोळा धरू नका. बिनटर्बो इंजिनात वर्षानुवर्षं निभावलं असेल, पण टर्बोचं चाक मिनिटाला हजारो फेरे घेतं. चिंधीचा तुकडा आत गेला तर तेच चाक तुटून इंजिनात जातं. चेंबरखाली (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) जाळ करू नका. डिझेलमध्ये रॉकेलही मिसळू नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, रॉकेलनं त्याचे एलिमेंट (डिझेल दाबणारे आतले भाग) घासतात. गाडी लागल्यावर अर्धा मिनिट रेस देऊ नका, ऑइल टर्बोपर्यंत पोचू द्या. बंद करण्याआधी मिनिटभर आयडलला ठेवा.

इंजिनमध्ये केलेला बदल आरटीओच्या मंजुरीनं आरसीवर नोंदवून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे ते तुमच्यावर बंधनकारक आहे. कागदासाठी लागणारं कामाचं बिल आम्ही देतो.

गाडी आदल्या संध्याकाळी आणा

सकाळी घरून चालवत आणलेली गाडी आमच्या दारात येईपर्यंत गरम झालेली असते आणि दोष लपलेला असतो. म्हणून संध्याकाळी पाचच्या आत गाडी यार्डात लावा, किल्ली ठेवा. रात्री गाडी उघड्यावरच राहील. पहाटे पहिला सेल्फ आम्ही मारू. येताना इंजिन बांधल्याची बिलं, पिस्टन आणि गॅस्केटच्या रिकाम्या खोक्यांवरचे नंबर, आणि काम कोणत्या महिन्यात झालं ते आणा. शक्य असेल तर एका सकाळच्या स्टार्टचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, सायलेन्सर आणि आवाज दोन्ही येतील असा. पंपाचं सील तोडून कोणी स्क्रू फिरवले असतील तर तेही मोकळेपणानं सांगा. त्यावर आम्ही कुणाला बोल लावत नाही, फक्त तपासाची सुरुवात तिथून करतो.