माउस नीट चालत नसेल तर: लिनक्स वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

माउस बिघडला की बहुतेक जण आधी कॉन्फिगरेशनची फाइल उघडतात. आमचे आग्रहाचे सांगणे आहे की दोष कुठे आहे हे कळेपर्यंत कोणत्याही फाइलला हात लावू नये. माउसची हालचाल आधी कर्नलकडे (लिनक्सचा गाभा), तिथून लिबइनपुटकडे (माउस-कीबोर्डचे संकेत समजून घेणारा प्रोग्रामचा भाग) आणि मग डेस्कटॉपकडे जाते. ती कोणत्या टप्प्यावर अडली आहे, हे थोड्या वेळात तपासता येते.

माउस काढून पुन्हा जोडावा आणि लगेच टर्मिनलमध्ये 'डीमेसेज' (dmesg) ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा द्यावी. शेवटच्या ओळींत नवीन यूएसबी उपकरणाची नोंद दिसली नाही, तर दोष केबलचा, हबचा किंवा पोर्टचा समजावा. सेटिंग बदलून तो जाणार नाही.

नोंद दिसत असेल, तर रूटच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने 'लिबइनपुट डिबग-इव्हेंट्स' (libinput debug-events) ही आज्ञा चालवावी. माउस हलवताच ओळी धावू लागतात आणि बटण दाबल्यावर 'प्रेस्ड', सोडल्यावर 'रिलीज्ड' असे उमटते. एकदाच दाबूनही फोल्डर उघडते, अशी तक्रार असलेला एक माउस आम्ही असा तपासला, तेव्हा एका दाबण्याला 'प्रेस्ड' दोनदा उमटत होते. बटणाखालचा स्विच झिजला होता. झिजलेल्या स्विचची अशी थरथर, म्हणजे एका दाबण्याचे अनेक संकेत, लिबइनपुट बरीचशी गाळते, पण सगळी नाही.

इथवर सारे ठीक असेल, तरच सेटिंगकडे वळावे, आणि त्याआधी 'एक्सडीजी सेशन टाइप' (XDG_SESSION_TYPE) या चलाची किंमत पाहावी; पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या वेलँड आणि एक्स११ या दोन व्यवस्थांपैकी चालू सत्र कोणत्या व्यवस्थेचे आहे, हे तिच्यावरून कळते. सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो, कारण सत्र वेलँडचे असेल, तर 'एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डॉट डी' (xorg.conf.d) या फोल्डरमधील कॉन्फिगरेशनची फाइल वाचलीच जात नाही आणि वेग किंवा डावखुरी बटणे डेस्कटॉपच्या सेटिंगमधूनच बदलावी लागतात. सत्र एक्स११ चे असेल, तर 'एक्सइनपुट' (xinput) या आज्ञेने केलेला बदल लॉगआउटनंतर टिकत नाही. तो कायम हवा असल्यास वरील फाइलमध्ये लिहावा. वेगाची किंमत उणे १ ते १ या दरम्यान असते. जुन्या मार्गदर्शिकांतील 'झेड-अ‍ॅक्सिस मॅपिंग' (ZAxisMapping) ही माउसच्या चाकासाठीची ओळ मात्र उतरवून घेऊ नये. ती जुन्या ड्रायव्हरसाठी होती आणि लिबइनपुट तिची दखल घेत नाही.

फाइल बदलल्यावर पडदा काळाच राहिला, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुराच्या कन्सोलवर जावे, ती फाइल दुसरीकडे हलवावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. तरीही अडचण राहिल्यास वरील दोन्ही आज्ञांचे संपूर्ण उत्तर आणि सत्राचा प्रकार आम्हाला कळवावा.