इलेक्ट्रिक चोकचं वायरिंग

इलेक्ट्रिक चोक म्हणजे कार्बोरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) तोंडावरची हवेची झडप करंटच्या उष्णतेनं आपोआप उघडायची सोय. कार्बोरेटरच्या बाजूला काळी गोल टोपी असते, तिच्यात दोन धातूंच्या पट्टीची स्प्रिंग आणि हीटर असतो, इंजिन गार असताना स्प्रिंग झडप बंद धरते आणि करंट मिळाला की तापून काही मिनिटांत सोडते. जुन्या अॅम्बॅसिडर, पद्मिनीला चोक हातानं ओढायचा, पण वेबर 32/36 डीजीईव्ही हा कार्बोरेटर बसवला की इलेक्ट्रिक चोक सोबतच येतो.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात थंडीत सकाळी चोकशिवाय जुनी गाडी लवकर उठत नाही. आणि वायर सुटल्यामुळं झडप अर्धी बंदच राहिली तर चोर्ला घाट चढताना काळा धूर, प्लग काळे आणि पेट्रोलचा नुसता चुराडा.

जास्तीत जास्त चुका प्लस कुठनं घ्यायचा यात होतात. स्पार्कची कॉइल जवळ असते म्हणून बरेच जण तिथनंच वायर मारतात, ते अजिबात करू नये! बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा व्होल्टेज कमी करणारा) असलेल्या गाडीत तिथं पुरे 12 व्होल्ट मिळत नाहीत, वर चोक स्पार्कचाच करंट खातो. इग्निशननं चालू होणारी वेगळी लाइन घ्यावी, मधे फ्यूज टाकावा. बॅटरीवरनं थेट दिली तर गाडी उभी असतानाही हीटर तापत राहतो आणि सकाळी बॅटरी बसलेली.

तरी एक अडचण उरते, किल्ली चालू ठेवून नुसतं बसलं तरी चोक तापतो आणि गार इंजिनवरच झडप उघडते. त्यावर पाच पिनांचा साधा रिले, म्हणजे करंटनं चालणारा स्विच, मला सगळ्यात पटतो: 30 आणि 86 ला इग्निशनची फ्यूजवाली लाइन, 85 ऑइल प्रेशरच्या दिव्याच्या स्विचला, 87ए वरनं चोकला. इंजिन बंद असताना स्विच अर्थ (बॉडीचा मायनस) देतो, रिले ओढला जातो आणि चोकची लाइन तुटते. इंजिन चालू होऊन प्रेशर आलं की रिले सुटतो, चोकला करंट जातो. 87 ची पिन मोकळीच ठेवायची, चोकची वायर तिथं लावली तर सगळं उलटं चालेल.

टोपीवर एकच टर्मिनल असेल तर अर्थ कार्बोरेटरच्या बॉडीतनं मिळतो, पण खाली जाड गॅस्केट असली की तो नीट मिळेलच असं नाही, म्हणून कार्बोरेटरच्या बोल्टवरनं इंजिनला एक वेगळी अर्थ वायर द्यावी. सेटिंग गार इंजिनवर, एकदा अॅक्सिलरेटर दाबून: टोपीचे तीन स्क्रू सैल करून झडप जेमतेम टेकेल एवढीच टोपी फिरवायची.