सीए १५-३ आणि बीआरसीए: नावं जवळची, कामं वेगळी

लॅबच्या काउंटरवर 'कॅन्सरची रक्ततपासणी करायचीय' असं सांगितलं, तर समोरून आधी प्रश्न यायला हवा: कुठली? सीए १५-३ की बीआरसीए? पहिली रक्तातलं एक प्रथिन मोजते, दुसरी जनुकं तपासते. पण दोन्हींचा संबंध स्तनाच्या कॅन्सरशी, दोन्हींना रक्तच लागतं आणि 'सीए' दोन्ही नावांत. चिठ्ठी नीट वाचली नाही की घोटाळा झालाच.

फरक ट्यूबच्या टोपणापासूनच दिसतो. सीए १५-३ साठी लाल किंवा पिवळं टोपण. रक्त साधारण अर्धा तास गोठू देतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि वर आलेलं पिवळसर सीरम मशीनला लावतात. बीआरसीएसाठी जांभळं टोपण. आत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं, ट्यूब आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट करतात, कारण इथे रक्त गोठून चालत नाही. पांढऱ्या पेशींतला डीएनए काढायचा असतो. उपाशीपोटी जायची गरज दोन्हींना नाही. पहिल्याचा रिपोर्ट एक-दोन दिवसांत हातात, दुसऱ्याला दोन ते चार आठवडे.

सीए १५-३ म्हणजे म्यूक-१ या प्रथिनाचं मोजमाप; स्तनाच्या कॅन्सरमध्ये ते रक्तात वाढू शकतं. नॉर्मलची वरची मर्यादा पद्धतीनुसार साधारण २५ ते ३० युनिट प्रति मिलिलिटर. गाठ लहान असताना आकडा बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. उलट हिपॅटायटिस, सिरॉसिस किंवा गरोदरपणात तो कॅन्सर नसतानाही वाढू शकतो. म्हणूनच 'लेडीज हेल्थ पॅकेज'मध्ये ही तपासणी घुसवणं आम्हाला पटत नाही. स्तनात गाठ जाणवली तर मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), सोनोग्राफी आणि सुईची बायोप्सी. 'सीए नॉर्मल आहे' म्हणून थांबायचं नाही.

सीए १५-३ चा खरा उपयोग शरीरात पसरलेल्या कॅन्सरवर औषध लागू पडतंय का हे बघायला, तोही स्कॅनच्या जोडीने. लॅब मात्र बदलू नका. डेक्कनला ३८ आणि पुढच्या वेळी हडपसरला ४६ आले, तर आजार वाढला की मशीन बदललं हे कळत नाही. नवं औषध सुरू झाल्यावर पहिले चार-सहा आठवडे आकडा उगाच चढू शकतो. तेवढ्यावरून औषध बदलत नाहीत. केसांसाठी बायोटिनच्या जास्त डोसच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, काही मशीनवर त्यामुळे आकडा खोटा कमी दिसतो.

बीआरसीएला आज कॅन्सर आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांत जन्मजात बिघाड आहे का, एवढंच ती सांगते. त्यामुळे दर तीन महिन्यांनी करायची ही तपासणी नव्हे. बिघाड असलेल्या बाईला वयाच्या ८० पर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के. कॅन्सर आधीच झाला असेल, तर ओलापॅरिबसारखं औषध द्यायचं का हेही काही रुग्णांत यावरून ठरतं. बिघाड वडिलांकडूनही येतो, म्हणून फक्त आई-मावशीची चौकशी करून भागत नाही. आत्याचं काय झालं होतं तेही विचारा.

रिपोर्टवर कधी 'व्हीयूएस' लिहून येतं, म्हणजे बदल सापडला पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. त्यावरून ऑपरेशन ठरवू नये. आणि घरात आईला कॅन्सर झालेला असताना मुलीचीच तपासणी केली नि ती निगेटिव्ह आली, तर निम्मंच कळतं: आईचा बिघाड मुलीत उतरला नाही, की आईत असा बिघाड नव्हताच? म्हणून शक्य असेल तर जांभळ्या टोपणाची पहिली ट्यूब आईची.