आवाज येत नाही? बोर्ड बदलण्याआधी सिग्नलची वाट तपासा
(एडीएयू-१७०१ या आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या चिपच्या इव्हॅल्युएशन बोर्डासाठी, म्हणजे चाचणी बोर्डासाठी, माहितीपत्रक)

नवरात्र जवळ आलं की बडोद्यातल्या साउंडवाल्यांकडून ‘मेला’ म्हणून जे बोर्ड परत येतात, त्यांतले बरेचसे धडधाकट असतात. सिग्नल वाटेत कुठेतरी अडकलेला असतो. ही वाट तीन ठिकाणी ठरते: बोर्डावरचे जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या), चिपची रजिस्टरं (आतल्या सेटिंगच्या जागा) आणि सिग्मा स्टुडिओ या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधली जोडणी. तिन्हींचा मेळ नसेल तर आवाज नाही.

पहिल्यांदा सिग्मा स्टुडिओत इनपुट ब्लॉक थेट आउटपुट ब्लॉकला जोडा. क्रॉसओव्हर (आवाज वेगवेगळ्या स्पीकरांत वाटणारा), लिमिटर (मोठा आवाज आवरणारा) काही नको. मोबाइलवरून गाणं लावा. आवाज आला तर ॲनालॉग बाजू ठीक आहे, मग एकेक ब्लॉक वाढवत जा.

आवाज कमी वाटेल. चिपला २ व्होल्ट आरएमएस (परिणामकारक मूल्य) दिले की पूर्ण लेव्हल भरते, पण आउटपुट जास्तीत जास्त ०.९ व्होल्टच निघतं. म्हणजे जवळपास ७ डीबी घट, आणि तो दोष नाही. ती भरून काढायला प्रोग्रॅममध्ये गेन वाढवू नका, आउटपुटला क्लिप होईल. गेन ॲम्प्लिफायरवर घ्या. उलट बाजूनं, मोठ्या मिक्सरचं आउटपुट पीकला ७ व्होल्टांवर जातं आणि इनपुटलाच फाटतं. इनपुटचा १८ किलोओहमचा सीरिज रेझिस्टर ३९ किलोओहमचा केला तर मर्यादा ४ व्होल्टांच्या आसपास जाते. त्यावर मिक्सरच खाली आणावा लागतो. एडीसी_रेस पिनवरही १८ किलोओहमचाच रेझिस्टर आहे, त्याला हात लावू नका.

डिजिटल इनपुट घेणार असाल तर खरी डोकेदुखी इथे सुरू होते. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला मास्टर क्लॉक (मूळ ठोका) १२.२८८ मेगाहर्ट्झ, बिट क्लॉक (एकेका बिटचा ठोका) ३.०७२ मेगाहर्ट्झ आणि एलआर क्लॉक (डावा-उजवा चॅनल ओळखणारा) ४८ किलोहर्ट्झ हवा. ऑसिलोस्कोप लावून तिन्ही बघा. क्लॉक देणारा एकच असावा. पाठवणारा आणि बोर्ड दोघंही मास्टर (क्लॉक देणारे) असले तर एकाच तारेवर दोन पिना भांडतात. डेटा एमपी० पिनवर येत असेल तर त्या पिनचं काम रजिस्टरमध्ये ‘सीरियल डेटा इनपुट’ केलेलं हवं, आणि इनपुट ब्लॉकमध्ये ॲनालॉगऐवजी सीरियल चॅनल निवडलेला हवा. हे दुसरं हमखास राहतं.

हळू आवाज स्वच्छ आणि मोठा आवाज भयंकर फाटतोय? मग पाठवणारा लेफ्ट-जस्टिफाइड आणि बोर्ड आय-टू-एस आहे (डिजिटल डेटाच्या या दोन मांडण्यांत एका बिटचा फरक असतो). एका बिटच्या सरकण्यानं सर्वांत वरचा बिट गळतो. थोड्या थोड्या वेळानं ‘टिक’ येत असेल तर दोन यंत्रं दोन वेगळ्या क्रिस्टलवर चाललीत. क्रिस्टलमध्ये ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) फरक असला तरी सेकंदाला दोन-तीन सॅम्पल घसरतात, आणि या चिपमध्ये सॅम्पल रेट कन्व्हर्टर (दोन वेग जुळवणारा भाग) नाही. दोघांना एकाच क्लॉकवर आणा.

घरी चाललं, मैदानावर गप्प? ‘लिंक, कंपाइल, डाउनलोड’ केलं की प्रोग्रॅम फक्त रॅममध्ये जातो, वीज गेली की तोही जातो. तो ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहा, सेल्फबूट स्विच (चिपला प्रोग्रॅम आपोआप चढवायला सांगणारा) चालू करा, मग रीसेट दाबा, कारण चिप हा स्विच रीसेटच्या वेळीच वाचते. प्रोग्रॅमर (बोर्ड संगणकाला जोडणारं उपकरण) काढून एकदा वीज बंद-चालू करून बघा.

तपासायला आणाल तेव्हा बोर्डाबरोबर त्याचा ॲडॅप्टर आणि सिग्मा स्टुडिओची प्रोजेक्ट फाइल आणा. नुसत्या बोर्डावरून वाटेतली चूक दिसत नाही.